माळ्यावरचे चार दिवस

दर्शनाच्या आईचं आणि काकूचं भांडण झालं तेव्हा दर्शना असेल दुसरी-तिसरीत. परळच्या चाळीतली एकच खोली, त्यात दोन जावांचे दोन संसार, मधे पडदा. आता भांडण काय पडद्याला विचारून थांबतं होय? दुपारची वेळ होती, दर्शना भिंतीकडे तोंड करून पडली होती. पोरं झोपली की बायका मोकळं बोलतात, हे पोरांनाही ठाऊक असतं, म्हणून तर ती झोपेचं सोंग घेतात.

काकू आईला म्हणत होती की तुझी अडचण महिन्यातनं दोनदा कशी येते, मी काय आंधळी आहे? तू गॅलरीत केस वाळवत बसतेस आणि सगळ्यांच्या भाकऱ्या मी थापते. वर देवाला फसवतेस ते फसवतेसच.

आईने केसांचा अंबाडा घातला. मग अगदी गरिबीने म्हणाली, "देवाला कळतं गो. त्याच्या घरातपण बायको आहे."

काकू कितीतरी दिवस बोलली नाही आईशी. दर्शनाला त्यातलं काही उमगलं नव्हतं. देवाला बायको आहे एवढंच तिने दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन सांगितलं.

पोरगी मोठी झाली, बी.कॉम. झाली, हिंदमात्याला एका साड्यांच्या दुकानात हिशेबाला लागली. हिशेब राहिला बाजूला, गर्दीच्या दिवसात साड्या उलगडून दाखवायलाही तीच. बोलण्यात तरबेज. लालबागच्या निलेशने तिला तिथेच पाहिली, बहिणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला आला होता तेव्हा. साडी पसंत पडायच्या आधी मुलगी पसंत पडली.

निलेश लोअर परळला कामाला. जिथे त्याचा बाप गिरणीत साचे चालवायचा, तिथे आता काचेच्या इमारती झाल्या, आणि त्या इमारतींत कॅमेरे बसवायचं काम हा करायचा. बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आई रमाबाई आणि हा. चाळीतली एक खोली, मागे स्वयंपाकाचा कोपरा, तिथेच देव्हारा, आणि दारावर पोटमाळा. माळ्याला लाकडी शिडी. रमाबाईंचा नेम होता की बाईला अडचण आली की तिने माळ्यावर जायचं. खाली देव, तर वर ती. जागाच तेवढी, दुसरीकडे जाणार कुठे?

नव्या नवरीने पहिल्याच महिन्यात वाद घातला. म्हणाली, मी दिवसभर दुकानात शंभर बायकांच्या अंगावर साड्या लावते, त्यांना कुणाला विटाळ होत नाही, तुमच्या देवालाच कसा होतो? आणि आजच्या काळात हे कुणी ऐकलं तर हसतील लोक. निलेशला बायकोचं फार कौतुक वाटलं. मग तडजोड झाली. दर्शनाने चार दिवस चुलीकडे जायचं नाही, पण झोपायचं खाली. रमाबाई गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या म्हणजे पटलं असं घरातल्या कुणी कधी समजू नये, पण दोघंही तसंच समजली.

मग श्रेया झाली.

पहिलं सव्वा महिन्याचं बाळंतपण माहेरी निघालं, त्याचं काही नाही. खरं सुरू झालं ते लालबागला परत आल्यावर. पोरगी रडकी होती असंही नाही. होती चांगली गुटगुटीत, पण तिला आई नजरेसमोर लागायची. दर्शना मोरीत गेली तर मोरीचं दार अर्धं उघडं ठेवून अंघोळ. वेणी घालायला बसली तर अर्धी वेणी तशीच दिवसभर. चहा कधी ओतला आणि कधी सायीचा थर धरला, तिलाच कळायचं नाही. दुकानातून फोन यायचा, कधी येतेस म्हणून. हळूहळू तोही यायचा बंद झाला.

दवाखान्यात बाळाला टोचायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज अर्धा तास स्वतःसाठी काढा. मोबाईल उघडला तर तिथेही हेच, एक नटलेली बाई सांगत असायची की आई व्हा पण स्वतःला विसरू नका. काढा म्हणे. वेळ काय पिंपात भरून ठेवलेला असतो, तांब्या बुडवून काढायला?

तिने निलेशला सांगून पाहिलं. रविवारी सकाळी एक तास पोरीला घे, मी नुसती बसेन. तो म्हणाला, एक तास काय, अख्खा दिवस घे, तुला अडवलंय कुणी? आणि मंडळाच्या ऑफिसात गेला. तो वाईट नव्हता हो. पोरीला घ्यायचा, पण कुणी आपली पिशवी जरा धरा म्हणून हातात दिल्यासारखी. मालकीण कधी येते याच्यावर डोळा. चाळीच्या मंडळाचा तो सचिव. संध्याकाळी कॅरम, सकाळी व्यायामशाळा, रविवारी मीटिंग. त्याला वेळ काढावा लागत नव्हता, त्याच्याकडे तो आपोआप यायचा, नळाला पाणी यावं तसा.

पोरगी पालथी पडायला लागली त्या सुमाराला दर्शनाला पुन्हा पाळी आली. डोकं ठणकत होतं, कंबर मोडून आली होती. रमाबाई तडजोड विसरल्यासारख्या म्हणाल्या, वर जा. आणि ही वाद घालणारी मुलगी, हिने चटई उचलली आणि शिडी चढली. अंगात वाद घालायचं बळच नव्हतं.

पोरीला दूध पाजायचं काय, तर त्यालाही जुना नियम होता. विटाळ कपड्याला, उघड्या पोराला नाही. रमाबाई श्रेयाचं झबलं-लंगोट काढायच्या आणि तिला तशीच शिडीवरून वर द्यायच्या. पोट भरलं की तशीच खाली घ्यायच्या. शू, शी, अंघोळ, पावडर, झोपवणं, सगळं खाली.

त्या दुपारी दर्शना झोपली ती दिवेलागणीला उठली. रमाबाईंनी ताट वर सरकवलं. भातातून वाफ येत होती. माहेराहून आल्यापासून वाफाळता भात तिने पाहिला नव्हता. ती सावकाश जेवली. मग तिने हाताची नखं कापली, मग पायाची. मग काहीच केलं नाही. खालून पोरीचं रडणं ऐकू आलं, तिचं अंग उठायला लागलं, आणि तिला आठवलं की उठायचं नाहीये. एवढ्या मोठ्या मुंबईत, पोर रडताना ऐकूनसुद्धा आईने पडून राहावं आणि तिला कुणी नावं ठेवू नयेत, अशी तेवढी चटईएवढी जागा होती. आणि तिथे जायचं तर अशुद्ध व्हावं लागत होतं.

याची तिला लाज वाटली. पण झोप लाजेपेक्षा मोठी असते.

पुढच्या महिन्यात ती एक दिवस आधीच वर गेली. त्याच्या पुढच्या महिन्यात एक दिवस उशिरा उतरली. मग एकदा काहीच नसताना गेली. रमाबाईंच्या गुडघ्यात पाणी झालेलं, त्या एका हाताने शिडी धरायच्या आणि दुसऱ्या हाताने नात वर द्यायच्या, तेव्हा दर्शना त्यांच्या तोंडाकडे बघायची नाही. आपण चोरतोय तो वेळ निलेशच्या खिशातला नाही, या म्हाताऱ्या गुडघ्यांतला आहे, हे तिला कळत होतं. पण निलेशचा खिसा शिवलेला होता, तिथे हात जात नव्हता.

सव्वीस जानेवारीला चाळीची सत्यनारायणाची पूजा. दर वर्षी एक जोडपं पूजेला बसतं, या वर्षी मान निलेश आणि दर्शनाचा. म्हणजे पहाटे उठून सोवळ्यातला शिरा, दिवसभर हळदीकुंकवाच्या बायका, रात्री भांडी, आणि काखेत पोरगी. आठवडाभर तिला तापाची कणकण होती, पोरीला दात येत होते. आदल्या संध्याकाळी तिने चटई उचलली. मनात म्हणाली, बसेल दुसरं कुणीतरी जोडपं, चाळीत काय जोडप्यांना तोटा आहे.

हीच तिची चूक झाली. तिने देवाचा विचार केला, सासूचा केला, सचिवाचा केला नाही.

निलेशने दुसरं जोडपं शोधलंच नाही. रात्रभर त्याच्या डोक्यात काय काय चाललं असेल ते असो, सकाळी झेंडावंदन झाल्यावर त्याने माईक हातात घेतला. माळ्याच्या खिडकीतून दर्शनाला शब्द न् शब्द ऐकू आला, चाळीचे कर्णे आहेतच तसे. तो म्हणाला, माझ्या मिसेसला आज अडचण आहे. आपण एकविसाव्या शतकात आहोत. आज ती याच अवस्थेत पूजेला बसणार, आणि आजपासून आमच्या घरात ही प्रथा बंद. टाळ्या पडल्या. तरुण मुलींनी जास्त वाजवल्या. म्हाताऱ्यांनी पदर सारखे केले. भटजींनी सांगितलं की मला या कानाने कमी ऐकू येतं, तुम्ही पाट मांडा. कुणीतरी मोबाईलवर सगळं घेत होतं.

निलेश हिरवी साडी घेऊन शिडी चढला. त्याचं तोंड आनंदाने फुललेलं होतं. लग्नात नव्हतं तेवढं.

"नेस आणि चल," तो म्हणाला. "तूच म्हणायचीस ना, लोक हसतील म्हणून? बघ, कुणी हसलं नाही."

"निलेश, मला नाही बसायचं."

"घाबरतेस कशाला, मी आहे ना."

तिला सांगता आलं असतं की मला काही झालेलं नाही. पण मग त्याने विचारलं असतं, तर वर कशाला येऊन बसलीस? आणि त्याला काय सांगणार, की तुझ्या घरात बसायला दुसरी जागा नाही म्हणून? तिने साडी नेसली. अख्ख्या चाळीला ठाऊक असलेली, आणि मुळात नसलेली अडचण घेऊन ती पाटावर बसली. नवऱ्याच्या हाताला हात लावून पळीने पाणी सोडलं. समोर बायका तिच्याकडे बघत होत्या, कुणी कौतुकाने, कुणी पाटाकडे. रमाबाई पहिल्या रांगेत नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. उठून गेल्या नाहीत.

संध्याकाळी सगळं आटोपल्यावर दोघी परातीला लागलेला शिरा खरवडत बसल्या होत्या. निलेश खाली मंडळात, लोक पाठ थोपटत होते. दर्शना म्हणाली, आई, तुम्हाला राग आला असेल.

रमाबाई म्हणाल्या, राग कसला. मग परात बाजूला ठेवली.

"तुला काही नव्हतं, माहीत आहे मला. एका मोरीत राहतो गो आपण."

दर्शना उलथन्याला चिकटलेला शिरा सोडवत राहिली.

"माझी पाळी गेली ना, तेव्हा मी चार दिवस रडत होते. हे म्हणायचे, वय झालं म्हणून बाईला वाईट वाटतं. वय कुठलं. माझा माळा गेला होता." त्यांनी हात धुतले, पदराला पुसले. "माझा पन्नाशीला गेला. तुझा पोरगी रांगायच्या आत गेला. आणि हाराने, टाळ्यांनी गेला, म्हणजे परत मागायचीही सोय नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत तिथे?"

"काय बोलू? माझ्या सुनेला विटाळ पाहिजे, असं बोलू?"

पोरगी उठली, दर्शनाने तिला घेतलं.

तो व्हिडिओ पुष्कळ फिरला. नणंदेचा, प्रितीचा, डोंबिवलीहून फोन आला की वहिनी, तू सुटलीस. बाजूच्या चाळीतल्या दोन कॉलेजच्या मुली घरी येऊन दर्शनाला भेटून गेल्या. तिने त्यांना चहा केला आणि म्हणाली, बरं झालं. झालं होतंही बरंच, हीच तर पंचाईत. त्या मुलींनी उद्या लग्न करून जिथे जायचं तिथे असला माळा नसावा, असं तिलाही वाटत होतं. पण आणखी कसली तरी जागा असावी, एवढं त्यांना कसं सांगायचं, ते तिला सुचलं नाही. माळ्यावर निलेशने मंडळाचे बॅनर आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या नेऊन ठेवल्या. घरात तेवढीच मोकळी जागा होती, तो म्हणाला.

फेब्रुवारी सरता सरता तिला खरोखरची पाळी आली, आणि आली ती पोटात पिळे पाडत. त्याच दिवशी संध्याकाळी मंडळाची माणसं घरी यायची होती. महिला दिनाला दर्शनाचा सत्कार करायचा ठरत होतं, त्याची बोलणी. तिने सकाळपासून पोरीचं केलं, स्वयंपाक केला, पाणी भरलं. रमाबाई एकदा म्हणाल्या, जरा पड. पण पडायचं कुठे ते त्यांनाही दाखवता आलं नाही. गुडघे घेऊन त्या पोरीजवळ बसून राहिल्या, तेवढंच त्यांच्या हातात होतं. पाहुण्यांना घावणे करूया असं निलेश म्हणाला, आमच्या आईच्या हातचे एक नंबर होतात. पीठ संपलं होतं.

धुतलेले तांदूळ वाळवून डब्यात भरलेले होते. दर्शनाने डबा कमरेवर घेतला. पोरगी हातपाय झाडायला लागली म्हणून तिलाही दुसऱ्या कमरेवर घेतलं आणि जिना उतरली. पिठाच्या गिरणीवर तीन डबे पुढे होते. ती भिंतीला टेकून उभी राहिली. गिरणीवाल्याने विचारलं, "वहिनी, बारीक ना?" ती म्हणाली, हो, घावण्याचं आहे, आणि आधीचं गव्हाचं पीठ झटकून घ्या. मग पोरीच्या नाकावर उडालेलं पीठ पुसलं, झाकण घट्ट दाबून बसवलं, आणि गरम डबा घेऊन परत जिना चढू लागली.