चुकीच्या झाडाला गेलेला नेवता

सालेकसाकडे जायचं माझ्या मनातही नव्हतं. बांधीत धान निसवत आलेला, लोंब्या बाहेर पडत होत्या, नर्सरीतल्या रोपांना पाणी द्यायला मी एकटी. पण दुपारी रोशनीचा, माझ्या मुलीचा, फोन आला. हळू बोलत होती, म्हणजे सासू जवळपास होती.

"माय, मामाजीचा दमा उखडला." मामाजी म्हणजे तिचे सासरे, माझे व्याही. " सासूबाई आपल्या निळ्या फुलाच्या झाडाची मुळी उकळून देणार आहेत."

"कायले?"

"त्या म्हणतेत, हे भारंगी होय."

"मंग तू सांग ना, नाही म्हणून."

"सांगतलं. म्हणे, काल आलेली पोरगी मले झाडं शिकवते."

मी म्हटलं, "थांबव तिले. मी येऊन राहिली." फोन ठेवला आणि चप्पल शोधली.

माझी नर्सरी म्हणजे बिरसीच्या रस्त्यावर घरामागे हिरवी जाळी बांधून केलेली जागा. शाळा चौथीत सुटली, रोपांचं बाकी सगळं हाताने शिकवलं. रोशनीसोबत सासरी धाडलेलं ज्या झाडावरून हे रामायण झालं, ते आफ्रिकेतलं. रोपं विकणारा गाडीवाला त्याला 'ब्लू बटरफ्लाय' म्हणतो. फूल बघितलं की नाव पटतं. फिक्या निळ्या पाकळ्या, त्यात एक गडद जांभळी, पुढे लांब मिशा. फांदीवर फुलपाखरू बसल्यासारखं. गाडीवाला म्हणाला होता की तिकडचे लोक याची मुळी ताप, पोटदुखीला वापरतात. किती घ्यायची, कोणाला द्यायची नाही, हे त्याला माहीत नव्हतं. मलाही नाही. म्हणून मी ते फुलासाठी विकत आले, प्यायला नाही.

आणि भारंगी आपल्या जंगलातली. तिचंही फूल निळं, तसंच. खोकल्या-दम्याला तिची मुळी आपल्याकडे जुनी माणसं देतात. दोन्ही झाडं एका कुळातली, चुलत बहिणी समजा. पण म्हणून एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

बिरसीहून गोंदियाला ऑटो मिळतो, पण भरल्याशिवाय हलत नाही. डोक्यावर बिरसीच्या विमानतळावरच्या शिकाऊ पोरांची विमानं घिरट्या घालत होती. मी ऑटोवाल्याला म्हटलं, "ते वर गोल फिरून राहिले, तू खाली उभा आहेस. कोणीच कुठं जाऊन नाही राहिलं." तेव्हा त्याने गाडी काढली.

गोंदियाहून सालेकसाला पॅसेंजर गाडी घ्या. तिकीट दोन आलूबोंड्यांच्या भावात येतं. उजव्या-डाव्या खिडकीची भानगड करू नका, दोन्हीकडे धानच आहे, आणि आमगाव गेलं की जंगल. समोर एक म्हातारी टोपली घेऊन बसली होती. तिने विचारलं, "कहाँ जा रही हो, बाई?"

"बेटी के घर."

"खाली हाथ?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमगावला गाडी थांबली तशी खिडकीतून केळी घेतली. काळी पडलेली होती. भांडायला वेळ नव्हता.

सालेकसा स्टेशनाबाहेर पुढच्या गावांचे ऑटो मिळतात. तुम्ही फिरायला येणार असाल तर ना आधी ना नंतर, पाऊस सरता सरता या. हाजरा धबधबा याच बाजूला आहे. मी पाहिला नाही, मला विचारू नका. मुलीचं गाव जंगलाला लागून आहे. नाव देत नाही, विहीणबाई हे वाचतात.

पोहोचले तेव्हा सांज होत होती. व्याही अंगणात खाटेवर बसून खोकत होते. मी सरळ मोरीजवळच्या झाडाकडे गेले. रोशनीने छान वाढवलं होतं. सकाळचं ऊन, दुपारी भिंतीची सावली, मोरीचं पाणी ओलावा देतं पण साचत नाही. या झाडाला एवढंच लागतं. अंगभर फुलं होती. आणि बुंध्याला पिवळा दोरा बांधलेला, खाली हळदीचे तांदूळ, सुपारी.

मी उशिरा आले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे औषधाची मुळी अशीच उपटत नाहीत. आदल्या सांजेला झाडाजवळ जाऊन नेवता देतात, म्हणजे आमंत्रण. नाव घेऊन सांगतात, उद्या तुले न्यायले येतो, अमक्याच्या दुखण्यासाठी. मग पहाटे, कोणाशी एक शब्द न बोलता, जाऊन खणतात. बोललं की गुण गेला.

विहीणबाई आतून हात पुसत आल्या. "विहीणबाई, न सांगता आल्या?"

"सांगून आली असती तं आजच खणलं असतं तुमी."

"कल्याणी, पाणी आण आईले." कल्याणी म्हणजे रोशनीच. लग्नात इथे तिचं नाव बदललं. अजून ते माझ्या कानाला खडा लागल्यासारखं लागतं.

मी म्हटलं, "हे भारंगी नाही. परदेशातलं झाड होय. याची मुळी व्याह्यांले द्याची नाही."

"तुमीच तं पोरीसंगं धाडलं, औषधी आहे म्हणून."

"औषधी तं विषारी धोत्राही आहे. भाजी करता का त्याची?"

त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माह्या सासूनं भारंगी देऊन माणसं उठवली. मी फूल ओळखत नाही का? अन् आता नेवता देऊन झाला. बोलावून नेलं नाही तं झाडाचा अपमान होते. असं केल्यावर यांच्या जिवाले काही झालं तं कोणाच्या माथी?"

हे त्या रागाने नाही बोलल्या, घाबरून बोलल्या. नवरा रात्र-रात्र बसून काढत होता. ते कळलं तेव्हा माझा आवाज थोडा उतरला. थोडाच.

"नेवता कोणाच्या नावानं दिला?"

"भारंगीच्या."

"मंग भारंगीलेच आणा. पत्रिका एकाच्या नावाची, अन् माणसं नेता दुसऱ्याच्या घरची?"

खाटेवरून व्याही म्हणाले, "दोघी मिळून ठरवा बाप्पा. मले तोवर दम धरता आला तं पाहतो."

जेवायला कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानाच्या वड्या होत्या, भात, आणि लाखोळीच्या डाळीचं वरण. गोंदियाच्या कोणत्याही हॉटेलात असं मिळणार नाही. विहीणबाईंनी वाढलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. झोपताना एवढंच म्हणाल्या, "पहाटे चला जंगलात. पाहू तुमची भारंगी."

पहाटे निघालो. त्या पुढे कुदळी घेऊन, मी मागे. बोलायचं नाही हा नियम. तुम्हाला वाटेल त्यात काय, पण मला विचारा. वाटेत काटा रुतला, बोलले नाही. त्या दोनदा चुकीच्या पायवाटेला लागल्या, बोलले नाही. वाटलं, या जंगलापेक्षा तो ऑटो बरा होता, तोंड तरी चालत होतं. मग हळूहळू ऐकू यायला लागलं. नाल्याचं पाणी, पानांतून पडणारं दव, पुढे चालणाऱ्या बाईचा श्वास. ती मनात काहीतरी म्हणत असावी, नवऱ्यासाठी.

नाल्याच्या काठाला भारंगी सापडली. विहीणबाईंनी ओटीतून घरच्या झाडाची फांदी काढली. फुलं एकमेकांजवळ धरली. फुलं खरंच जवळपास सारखी. मग मी पानाला बोट लावलं. भारंगीचं पान तळहाताहून लांब, खरबरीत, कडेला दाते. आपल्या झाडाचं बोटाएवढं, मऊ. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग ती घरची फांदी त्यांनी माझ्या हातात दिली आणि माझी मूठ त्यांच्याच हाताने बंद केली.

भारंगीची एका अंगाची मुळी घेतली, बाकी झाडाला माती परत लोटली. अंगणात पाय ठेवल्यावरच त्या बोलल्या. "पान पायलंच नोहतं मी. फूल पायलं अन् झालं."

मी म्हटलं, "काढा द्या. पण दवाखान्यातही न्या." यावर पुन्हा थोडं वाजलं. पण ऊन वर आलं तेव्हा जावई व्याह्यांना गाडीवर बसवून सालेकसाच्या दवाखान्यात घेऊन गेले. परतताना नळीतून ओढायचं औषध घेऊन आले, आणि दुपारी व्याही पहिल्यांदा आडवे झोपले. काढ्याने की नळीने, हे कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

आता मला निघायचं होतं. फक्त एक कलम हवं होतं. माझ्याकडचं आईझाड मी मागच्या थंडीत गमावलं. हे झाड थंडीत पानं गाळतं; मला वाटलं मेलं, आणि उपटलं. उपटल्यावर बघते तर मुळी ओली, जिवंत. तुम्ही असं करू नका. नखाने साल खरवडा, आत हिरवं असेल तर थांबा. उन्हाळा लागला की फुटतं. फुलं सरली की फांद्या छाटा, कारण फूल नव्या फुटीवर येतं.

मी कात्री घेऊन गेले तर विहीणबाई आडव्या आल्या. "कालचा दोरा सोडला मी. आता कापाचं तं नेवता द्या. सांजेले."

"माही गाडी आहे."

"उद्याही राहते गाडी."

सांजेला त्यांनी माझ्या हातात पिवळे तांदूळ दिले. "घ्या नाव."

मी उभी राहिले. काल मीच नावावरून भांडले होते. आता माझ्याकडेच नाव नव्हतं. गाडीवाल्याचं नाव दुकानाचं. जिथे हे उगवतं तिथे कोणीतरी सासू पिढ्यानपिढ्या याची मुळी खणत असेल, तिने याला काहीतरी म्हटलं असेल. ते नाव रोपासोबत आलं नाही.

शेवटी मी म्हटलं, "तुले तुह्या गावी जे म्हणत असतील, त्या नावानं."

विहीणबाईंनी मान हलवली. "चालते. माहेरचं नाव असलंच पाहिजे कोणाचंही."

सकाळी कलम घेतलं. पेन्सिलीएवढ्या जाडीचं, ना कोवळं ना लाकूड. दोन पेरं मातीत जातील एवढं, पानं अर्धी कापलेली. गाडीभर मांडीवर धरून आणलं, ओल्या फडक्यात. गोंदियाला उतरून चहा प्यायले, तोही एका हाताने.

आता ते जाळीखाली सावलीत आहे, वर प्लास्टिकची पिशवी. आधी मी कलम लावलं की चार दिवसांनी ओढून बघायची, मुळ्या आल्या का. निम्मी कलमं त्यानेच मेली असतील. हे मी ओढलेलं नाही. रोज जाते, बघते, परत येते. गिऱ्हाइकाने विचारलं, "औषधी आहे का?" तर सांगते, "असेल, ज्यांना येते त्यांच्याकडे. तुमी फूल पाहा. अन् पान पण पाहा."

काल रोशनीचा फोन आला. व्याही बरे आहेत, बोडीपर्यंत, गावच्या तळ्यापर्यंत, चालत जातात. ती बोलत असताना मागून विहीणबाईंची हाक ऐकू आली.

"रोशनी, त्या झाडाले पाणी टाकलं का वं?"

रोशनी म्हणाल्या, कल्याणी नाही. ती पाणी द्यायला गेली, फोन तसाच चालू ठेवून.