धुराने कीड मरते, असं मला वाटायचं

आम्हा नवराबायको दोघांनाही एचआयव्ही आहे. एकाच दिवशी कळलं, नंदुरबारच्या दवाखान्यात एकाच खिडकीवरून गोळ्या आणतो. तरी गेल्या हिवाळ्यात ह्यांच्याच तोंडात दह्यासारखा पांढरा थर धरला. गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. भाकर तर राहिलीच, रोजची गोळीही घशाखाली उतरेना. गोळ्या सुटल्या की माणूस हातचा जातो, एवढं मला पक्कं माहीत होतं.

आणि मी शहाणीने काय केलं? धान्याच्या कोठीला आम्ही कडुलिंबाचा धूर देतो, कीड मरते. म्हटलं, तोंडातली कीडही धुरानेच मरेल. जेवणानंतर चुलीच्या निखाऱ्यावर बिडी पेटवून मीच ह्यांना द्यायची; आता दोनाच्या चार दिल्या. बायकोचं ऐकायला हीच वेळ सापडली त्यांना!

थर वाढला तशी घाबरून दवाखान्यात नेलं. माझा उपाय ऐकून डॉक्टर मॅडमनी कपाळाला हात लावला. मग माझ्या हातात आरसा दिला, म्हणाल्या, "मावशी, आधी तुमचं तोंड बघा." माझं गुलाबी, ओलं. हा पांढरा थर म्हणजे बुरशी, ती थोडीथोडी सगळ्यांच्याच तोंडात असते, त्या सांगू लागल्या. गालाच्या आतलं कातडं आणि लाळ तिला रात्रंदिवस आवरून धरतात. एचआयव्हीने ही राखण आधीच कमजोर पडते. तुमची अजून टिकून आहे; ह्यांची उरलीसुरलीही बिडीच्या धुराने सुस्तावली.

अगं बाई! पन्नाशी आली, आणि माझ्याच तोंडात कुणी राखणीला बसलंय याचा मला पत्ता नव्हता. मी उकळता चहा ओतते, गावाला शिव्या देते, तरी ते आपलं काम करतंच आहे. मॅडमनी आरसा मागितला तरी मी सोडेना.

बुरशीचं औषध सुरू झालं. बिडीची बंडलं मी उकिरड्यावर फेकली. हे खवळले, "पाव्हना उना ते काय देऊ?"

"आला पाव्हणा तर चहा पाजा! त्याला बिडी द्यायची म्हणून मरता का?"

चारपाच दिवस रोज गोळी अडकायची, ठसका लागायचा, मी पाठ चोळायची. मग एके दिवशी त्यांनी पाण्याचा घोट घेतला, मान वर केली आणि थांबले. मी पाठ चोळायला हात पुढे केला.

"उतरनी वं!" म्हणाले, आणि मला दिसावं म्हणून आ वासला.

थर विरळ झाला होता. कडेने गुलाबी कातडं वर येत होतं, कुणी न सांगता. तोंड मिटू का, असं त्यांनी हाताने विचारलं. मी मिटूच देईना.