ग्रंथपालांची मेस

चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगताना एकीच्या नाकातून चहा आला होता आणि माझी चादर गेली. फजिती माझी, वर चादरही माझीच!

तर ऐका. पेठ वडगावच्या बाजूला एक नर्सिंग कॉलेज आहे, तिथं मी ग्रंथपाल. त्याआधी मी हायस्कूलच्या लायब्ररीत होते. तिथं सगळा कारभार कथा-कादंबऱ्यांचा. नर्सिंगला येऊन मला जेमतेम सहा महिने झाले होते. शरीराची हाडं किती, हेसुद्धा मला पुस्तकांच्या पाठीवर वाचून कळत होतं!

एका शनिवारी संध्याकाळी मी पिठाच्या गिरणीत उभी होते. गिरणी चालू, पट्टा फटफटतोय, आणि नेमका त्याच वेळी प्राचार्यांचा फोन.

"मुल्ला मॅडम, सोमवारी कोल्हापुरात ट्रेनिंग हाय. तुमी जावा."

"कसलं ट्रेनिंग, सर?"

"मेशचं वो! मेश! आपल्याकडं कुणालाच येत न्हाय. नीट शिकून या."

सर म्हणाले मेश. मी ऐकलं मेस.

आता तुम्ही म्हणाल, ग्रंथपालाला मेसचं ट्रेनिंग कशाला? अहो, कॉलेजात ज्या कामाला वाली नाही ते ग्रंथपालाकडं येतं. गॅदरिंग माझ्याकडं, ओळखपत्रं माझ्याकडं, पाण्याची टाकी धुतली का हे बघणंसुद्धा माझ्याकडं! त्यात हॉस्टेलच्या मेसचं तेव्हा फार पेटलं होतं. दोन मुली वॉर्डात ड्युटीवर चक्कर येऊन पडल्या होत्या. एकीचे वडील थेट ऑफिसात येऊन ओरडून गेले होते, "पोरीस्नी खायाला घालतासा का न्हाय?" मी मनात म्हटलं, बरोबर आहे. सरांनी हेही माझ्या गळ्यात घातलं.

पण माझा स्वभाव मुळात चौकस. काम गळ्यात पडलंच तर मुळापासून बघायचं. रविवारी दिवसभर मी मेसमध्ये. आमटी चाखली, भाकरी मोडून बघितली, डबे उघडून वास घेतले. स्वयंपाकाच्या मावशींना इतके प्रश्न विचारले की शेवटी त्या म्हणाल्या, "मॅडम, सोयरीक बघाय आलासा काय?"

सोमवारी पोचले. बाहेर फलक: 'आरोग्यविज्ञान ग्रंथपालांसाठी कार्यशाळा'. आत हॉलभर ग्रंथपाल! मेडिकलचे, डेंटलचे, फार्मसीचे. मला इतका कळवळा आला म्हणून सांगू! म्हणजे सगळ्याच कॉलेजांनी मेस ग्रंथपालांच्या गळ्यात मारलीय?

शेजारी मलकापूरकडचे पोवार सर बसले होते. आयुर्वेद कॉलेजात ग्रंथपाल, वय पन्नाशीच्या पुढं. मी हळूच विचारलं, "सर, तुमच्याकडंपण मेसचा त्रास आहे?"

"त्रास? लई! डोक्यातच शिरत न्हाय बगा."

मला वाटलं, बिचारे. डोक्यात शिरायला आधी पोटात तरी गेलं पाहिजे ना!

शिकवायला पुण्याहून देशमुख मॅडम आल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या आणि लाईट गेली. पडदा काळा. इथंच माझं नशीब फिरलं, कारण पडद्यावर पहिलाच शब्द दिसला असता तर हा किस्साच झाला नसता!

मॅडम म्हणाल्या, "हरकत नाही, तोंडी सुरू करू. मेशचं पहिलं तत्त्व. माणसं एकाच गोष्टीला दहा नावं देतात. कुणी कुठल्याही नावानं मागू दे, आत गेल्यावर नाव एकच असतं."

मला राहवेना. "अगदी खरं, मॅडम! आमच्याकडं कुणी पिठलं मागतं, कुणी झुणका, कुणी बेसन. आत कढई एकच असते!"

मॅडमनी टाळी वाजवली. "वा! इतकं सोपं उदाहरण मला आजवर सुचलं नव्हतं." पोवार सरांनी वहीत लिहून घेतलं, 'कढई एकच'.

"दुसरं," मॅडम म्हणाल्या, "मेश दर वर्षी ताजी होते. जुनं काढतात, नवं घालतात."

"दर वर्षी?" मी ताडकन उठले. "मॅडम, रोज नको का? आमच्याकडं कालचं आज वाढतात. पोरींची पोटं बिघडायला वेळ लागत नाही!"

हॉल हसला. मला कळेना, पोरींची पोटं बिघडली यात हसण्यासारखं काय? मॅडम मात्र खूश. "बघा, शिळी माहिती पोट कशी बिघडवते!"

हे मला जरा विचित्र वाटलं. पण पुण्याची माणसं असं बोलत असतील, म्हणून सोडून दिलं.

मग मॅडम आवाज खाली आणून म्हणाल्या, "आता सगळ्यात महत्त्वाचं. एक्सप्लोड! मेशमध्ये एक्सप्लोड केलं की त्याच्याखाली जे जे दडलेलं असतं ते सगळं एकदम बाहेर येतं."

मी परत उठले. "म्हणजे... मुद्दाम करायचं?"

"हो तर! न घाबरता करायचं."

"मॅडम, आमच्याकडं परवाच झालं हो! कुकर उडाला, डाळ छतापर्यंत गेली. मावशी थोडक्यात वाचल्या!"

हॉल असा काही हसला की दारातला चहावाला ट्रेसकट आत बघायला आला. मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "काय विनोदबुद्धी आहे तुमची! जेवणानंतर तुम्हीच पाच मिनिटं बोला. तुमच्या कॉलेजात मेश कशी चालते, ते सांगा सगळ्यांना."

जेवताना चार माणसं ओळख करून घ्यायला आली. पोवार सर म्हणाले, "मॅडम, लई भारी बोलतासा की! तुमच्यामुळं पयल्यांदा टाळक्यात शिरलं." मी पदर सारखा केला. सहा महिन्यांत एवढं यश!

जेवणानंतर बॅटरीवरचा माइक माझ्या हातात. मी घसा साफ केला. "काल रविवारी मी स्वतः मेसमध्ये गेले. आमटी चाखली. पातळ आहे, पण चवीला वाईट नाही. खरी अडचण आमटीची नाहीच. पोरींची ड्युटीची बस सुटते सातला आणि पोहे तयार होतात साडेसातला! उपाशी पोरी वॉर्डात उभ्या राहणार, मग चक्कर येणार नाही तर काय?"

या वेळी कुणीच हसलं नाही. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मला वाटलं, वा, काळजाला भिडलं!

तेवढ्यात लाईट आली. माझ्यामागचा पडदा उजळला. सगळ्यांच्या नजरा तिकडं गेल्या म्हणून मीही वळले. एवढ्या मोठ्या अक्षरांत: 'मेश: वैद्यकीय विषयशीर्षके. शोधनिबंध अचूक कसे शोधावेत?'

मी ते एकदा वाचलं. परत वाचलं. कुठं आमटी दिसते का बघितलं. नव्हती.

"मॅडम," मी माइकमध्येच विचारलं, "ही मेस... जेवणाची नव्हे?"

पुढचं काय सांगू! पोवार सर खुर्चीवरून घसरले. एक गृहस्थ हॉलबाहेर जाऊन हसून आले. मी माइक ठेवून पर्स शोधत होते. तीन वाजताची एसटी मिळाली असती.

देशमुख मॅडमनी माझा हात धरला. हसून हसून त्यांचं काजळ गालावर आलं होतं, पण हात घट्ट. "मुल्ला मॅडम, थांबा. बस सातला आणि पोहे साडेसातला, हे खरं आहे?"

"शप्पथ खरं."

"मग जगात दुसऱ्या कुणाला हा प्रश्न पडलाय का, ते बघूया की! बसा माझ्या खुर्चीत."

मी बसले. त्या सांगतील तसं टाइप केलं. सकाळचा नाश्ता, नर्सिंगच्या विद्यार्थिनी, रक्तातली साखर कमी होणं. ठरलेल्या यादीतला नेमका शब्द निवडला, एक्सप्लोड केलं, आणि काय सांगू, निबंधांची रांग लागली! कुठल्या कुठल्या देशांतल्या पोरी न खाता ड्युटीला जात होत्या. मी एक उघडला, दुसरा उघडला. चहा आला, गार झाला. लाज वाटायची राहूनच गेली हो! पोवार सर मागून ओरडत होते, "अजून खाली जावा! त्यो तिसरा उघडा!"

दुसऱ्या दिवशी त्यातले चार निबंध छापून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी वाचले, मान हलवली आणि म्हणाले, "मेश शिकाय धाडलं आन् तुमी मेस सुदारून आलासा!" पण पोहे साडेसहाला सुरू झाले.

असो. वर्षभरानं देशमुख मॅडमचीच पुढची कार्यशाळा लागली. या वेळी मी अगदी शेवटची रांग धरली, गुपचूप. शेजारी बिद्रीकडची एक नवीन लागलेली ग्रंथपाल मुलगी.

मॅडमनी सुरुवातच केली, "मागं इथं कोल्हापुरात एक मॅडम आल्या होत्या..." आणि सगळं सांगितलं. पिठलं, पोरींची पोटं, डाळ, काही राहिलं नाही. हॉल गडाबडा लोळायचा बाकी होता. शेजारची मुलगी डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, असली बाई खरंच असंल व्हय?"

"छे गं!" मी म्हणाले. "एवढी बावळट कोण असतंय? ही माणसं रंगवून सांगतात."

तोच मॅडमचा आवाज आला, "आणि बरं का, त्या आज इथंच आहेत! शेवटच्या रांगेत, निळी साडी. मॅडम, जरा उभ्या राहता?"

ती मुलगी टुणकन पलीकडं वळली आणि रांगभर निळी साडी शोधायला लागली.

मीही तिच्याबरोबर शोधायला लागले.