फोटोतलं तोरण

लोकांचे नवरे बायकोला गुलाबाचे फोटो पाठवतात, माझा लोखंडाचे पाठवायचा. समुद्रातल्या तेलविहिरीच्या रिगवर तो क्रेन चालवायचा. पंधरवडा तिकडे, पंधरवडा इथे गोडदेवला, असा आमचा संसार चालला होता. फोटो आला की मी चिडून विचारायचे, "यात बघायचं काय?" मग तो शिकवायचा. रिगच्या टोकाला गॅस जाळतात, ती ज्वाळा कुठे झुकलीय बघ, म्हणजे वारा कळेल. कामावरच्या पोरांचे कपडे चिखलाने बरबटलेत ना, म्हणजे विहिरीतून पाइप वर काढतायत. विहीर खोदायच्या उंच मनोऱ्याजवळ कुणीच दिसत नाही? मग काम बंद आहे, आज माझा फोन येणार. हळूहळू मला ते वाचता यायला लागलं. फोन यायच्या आधीच मी ओटा आवरून बसायचे.

यंदाच्या मे महिन्यात त्या रिगवर स्फोट झाला. टीव्हीवर नुसता काळा धूर दिसत होता. ऑफिसचा फोन लागला तर "माहिती घेतोय", एवढंच उत्तर. त्याचा फोन बंद. सासूबाई देवापुढून उठत नव्हत्या आणि मी घरभर येरझारा घालत होते. मला देवाचा राग येत होता, त्यांच्या घंटीचा येत होता, खाली हॉर्न मारणाऱ्या रिक्षांचाही येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिगवाल्यांच्या बायकांच्या ग्रुपवर एक फोटो आला. खाली लिहिलं होतं, "आत्ताचा. आग विझली." शेजारच्या बोटीवरून काढलेला, अगदी स्वच्छ. मनोरा उभा, धुराचा मागमूस नाही. तेवढ्यात आमची उत्तनची मासेवाली मावशी दारात आली. तिचे मुलगे बोटीवर जातात, म्हणून सासूबाईंनी फोन तिच्याच हातात दिला. तिने हात पदराला पुसले आणि फोटो मोठा करून बघितला.

"ह्यो कडेचा हुक बघ, रिकामा हाय. जीव वाचवायची होडी न्हाय तिथं. मानसं उतारलीत, बाय. रडू नको."

सासूबाईंनी फोन घेतला आणि त्यांना क्रेन सापडली. "अगं, हे बघ तोरण! माझ्या हातचं!"

खंडेनवमीला आम्ही घरी विळी, शिलाई मशीन पुजतो, तो क्रेन पुजायचा. सासूबाई झेंडू आणि आंब्याची पानं ओवून द्यायच्या, तो बॅगेतून न्यायचा आणि क्रेनच्या केबिनवर बांधायचा. आपणहून गळेपर्यंत ते कुणी काढायचं नाही, हा त्यांचा नियम. "एवढ्या आगीत तोरणाला धक्का लागला नाही," त्या म्हणाल्या, "मग बांधणाऱ्याला काय होणार?" आणि त्यांनी तो फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवायला घेतला.

मीही तोरण मोठं करून बघितलं. झेंडू टवटवीत होता. पानं हिरवीगार होती.

दसऱ्याला ओवलेली पानं मे महिन्यात हिरवी राहत नाहीत. फोटो मागच्या दसऱ्याचा होता. तेव्हा ती होडी सरावासाठी पाण्यात उतरवली होती, त्यानेच मला फोनवर सांगितलं होतं. म्हणजे होडीचं काही कळलं नव्हतं, आगीचं नाही, त्याचं तर नाहीच. कुणीतरी जुना फोटो आमच्या गळ्यात मारला होता. त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. त्याहून जास्त राग आला नवऱ्याचा. कशाला शिकवलंस रे मला हे बघायला? मला सगळ्यांसारखं अडाण्यागत खूश व्हायचं होतं.

सांगायला म्हणून मी तोंड उघडलं. सासूबाई फोनवर बहिणीशी हसून बोलत होत्या. समोर चहाचा रिकामा कप होता, आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच त्यांनी काही पोटात घेतलं होतं. मी त्यांच्यासाठी आणखी एक कप चहा टाकला.

दुपारी ऑफिसचा फोन आला. माणूस फार अदबीने बोलत होता. घरात कोण कोण आहे, ते त्याने आधी विचारलं. मग म्हणाला, "मॅडम, उनका हँसते हुए कोई फोटो है? पास से लिया हुआ. दाँत साफ दिखने चाहिए."

चेहरा ओळखण्यासारखा उरला नसेल तर दातांवरून ओळख पटवतात, हे मी बातम्यांत ऐकलं होतं.

"काय म्हणतायत?" सासूबाईंनी विचारलं.

"फोटो मागतायत. हसतानाचा." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

त्यांचा चेहरा उजळला. "हसतानाचा? मग चांगलीच बातमी असणार. पेपरात छापणार असतील." त्या मला खेटून बसल्या आणि माझ्या मोबाइलमधले फोटो बघू लागल्या. एका फोटोवर माझं बोट थांबलं.

"हा नको गं, यात तोंड मिटलंय," त्या म्हणाल्या. "हा बघ, भाचीच्या लग्नातला. कशी बत्तीशी दाखवतोय."

मी तोच पाठवला.