हसण्यानं नासलेली बशी

सुमन गेली ती फाल्गुनातल्या एका कोरड्या दुपारी. कॉलेजचा शिपाई सायकल मारत माझ्या बँकेत आला आणि बाईंना धाप लागलीय, दवाखान्यात नेलंय, एवढंच म्हणाला. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं... इतकी वर्षं हवेचा अभ्यास केलेल्या माझ्या बायकोला शेवटी हवाच कमी पडली. त्याचा राग अजून जात नाही, आणि तो कोणावर काढायचा तेही कळत नाही.

ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. दमा लहानपणापासूनचा. खाडीकाठची ओल तिला सोसत नाही म्हणून ऐंशी सालच्या सुमारास आम्ही रत्नागिरीच्या वर, सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, घर बांधलं. पहिला पावसाळा बरा गेला. पण दिवाळीनंतर गवत वाळलं, कातळावरून कोरडे वारे सुटले आणि तिची छाती पुन्हा वाजू लागली. दुसरी एखादी रडली असती, ही कामाला लागली. पावसात बुरशी चपलांवर, लोणच्यावर निदान दिसते. उन्हात ती सुकून वाऱ्यावर उडते, दिसत नाही, पण छातीत शिरते, असं तिचं म्हणणं. त्यातली आपल्याला छळणारी कोणती, हे तिला शोधायचं होतं.

मग आमच्याकडे बटाटे उकडायचे ते भाजीसाठी नव्हे, तर त्या पाण्यात साखर आणि ते थिजवायला अगरची पूड घालून बुरशीचं खाद्य करायला. डाळभाताआधी कुकरमध्ये कागदात गुंडाळलेल्या काचेच्या बशा निर्जंतुक व्हायला चढायच्या. या घरात बुरशीचे लाड जावयासारखे होतात, असं मी म्हणायचो. ते खाद्य ओतलेली झाकणाची बशी सड्यावर नेऊन ती थोडा वेळ उघडी ठेवायची. काही दिवसांत तिच्यात ठिपके उगवायचे, काजळीसारखे काळे, हिरवट, राखाडी. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेकाची ओळख पटवायची. नावं सगळी माझ्या डोक्यावरून जात. गवत कापायला येणाऱ्या पारूमावशीनं एकदा विचारलं, "बाय, वारा डबीत भरून काय करतेस गो?" वाऱ्यासोबत कोण कोण येतंय ते बघतेय, असं सुमननं सांगितलं. मावशी कोयता खाली ठेवून म्हणाली, "मग बघ. आमच्या म्हाताऱ्याला पन ह्योच वारा बाधतो. सापडला तर सांग." तेव्हापासून हा शोध तिचा एकटीचा राहिला नाही. तो पुरा मात्र झाला नाही.

नियम एकच. झाकण काढताना श्वास रोखायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही. आपला श्वास आत पडला की बशी नासली. जिला मुळात श्वास पुरत नव्हता, ती तो असा हौसेनं रोखून धरायची की मला बघवत नसे. म्हणून मी मागे उभा राहून काहीबाही बोलत तिला हसवायला बघायचो. कधी हसली नाही. डोळे वटारायची, बस्स.

ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी मात्र हसली. अंगणात तिनं झाकण उचललं आणि मी म्हणालो, या हवेत तुझ्या माहेरचं कोणी सापडलं तर आधी सांग, चहा टाकतो. काय झालं कोण जाणे, तिला हसू फुटलं ते थेट बशीवर. हसता हसता खोकली, पदरानं डोळे पुसले. "नासवलीत ना," ती म्हणाली. "आता उद्या नवीन ठेवू." पण ती बशी तिनं तशीच झाकून कपाटात ठेवली.

तेराव्यानंतर तिची एक विद्यार्थिनी कॉलेजचा सूक्ष्मदर्शक आणि बशा न्यायला आली. ही शेवटची बशी तिनं खिडकीशी धरून बराच वेळ पाहिली. "काका, ही टाकायला हवी," ती म्हणाली. "यातलं सड्यावरचं काय आणि बाईंच्या श्वासातलं काय, आता सांगता यायचं नाही."

मी बशी तिच्या हातून काढून घेतली. ती अजून कपाटात आहे, झाकणाला चिकटपट्टी लावलेली. आत पांढरे, काळे, हिरवट ठिपके एकमेकांत मिसळून गेलेत. संध्याकाळी कपाट उघडतो आणि तिच्यासमोर श्वास रोखून उभा राहतो... मला हसवायला मागे कोणी नसतं.