चौपदरी गाळलेली खाडी

...तर इंद्रजितने सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला आणि म्हणाला, "मॅडमजी, आपकी खाडी तो मिनरल वॉटर निकली!" काल इथेच थांबलो होतो ना आपण? सगळे हसले. आमची सून स्मिता तेवढी हसली नाही. सलग चौथी बाटली तशीच निघाली होती.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागे जातो. स्मिता इथे चंदीगडला सेक्टर ३९ मधल्या सरकारी संशोधन संस्थेत प्रयोगशाळा सहाय्यक. इंद्रजित तिच्या शेजारच्या टेबलावरचा. बाई शिस्तीची, घरात डाळीच्या डब्यावरसुद्धा भरल्याची तारीख. माहेर देशावरचं, तिसऱ्या नावाच्या शिंपल्या खातात हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. पण लग्न होऊन आमच्या वेरलवाडीला आली आणि पहिल्याच ओहोटीला माझी बहीण कृष्णा हिच्याबरोबर पदर खोचून गुडघाभर चिखलात उतरली. टोपलीभर तिसऱ्या वेचून आणल्या. तेव्हापासून सासरची खाडी तिची झाली.

मग कोळंबीची तळी आली. नवं धोरण, निर्यात, डॉलर असं काय काय ऐकू यायचं. कंपनीने खाडीकाठच्या खाजणात, म्हणजे खाऱ्या दलदलीत, सहा तळी खोदली आणि त्यांचं घाण पाणी ओहोटीबरोबर खाडीत सोडायला लागली. दोन वर्षांत कृष्णाची टोपली अर्धीही भरेना. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत कंपनीने आणखी चार तळ्यांची परवानगी मागितली. तालुक्याला सुनावणी मार्चअखेर. गावाच्या बाजूने कागद एकच जाणार होता, स्मिताचा अहवाल.

पद्धत तिनेच घालून दिली. दर अमावास्येला, पूर्ण ओहोटीला, कृष्णाने मधल्या धारेत बाटली बुडवायची. लगेच आयोडिनचे थेंब टाकायचे, म्हणजे त्यातले बारीक जीव शाबूत राहतात. मग चंदीगडला येणाऱ्या कुणा मराठी माणसाबरोबर ती धाडायची. आमच्या इथल्या मंडळात कुणी ना कुणी गावाहून येतंच. हवाईदलातल्या एका साहेबांची बायको रागिणी, तिने आमसुलं, पोहे आणि खाडी एकाच पिशवीतून आणली. मला म्हणाली, "आजोबा, रेल्वेच्या डब्यातल्या लोकांना वाटलं मी गंगाजल नेतेय. एकाने वाकून नमस्कारसुद्धा केला!"

आणि एवढं करून बाटलीत काहीच नाही. झिंग्या-खेकड्यांची डोळ्याला न दिसणारी पिल्लं, शेवाळाचे कण, काही म्हणजे काही नाही. स्मिताने अहवालाचा खर्डा लिहिला, 'खाडीत जीवसृष्टी आढळली नाही.' लिहिला, पण पाठवेना. पर्समध्ये घालून फिरायची. "बाबा, मेलेलं पाणीसुद्धा इतकं रिकामं नसतं हो!"

सुनावणीला तीन आठवडे उरले तेव्हा वैतागून मला घेऊन एसटीडी बूथवर गेली. गावात फोन फक्त वाणसामानवाल्या विश्वासकडे. त्याने कृष्णाला हाक मारून आणलं. कृष्णा फोनवर अशी ओरडते की बूथबाहेरच्या सरदारजींनाही सगळं ऐकू यावं.

"आत्या, बाटली कशी भरता ते अगदी पहिल्यापासून सांगा."

"अगो, तू सांगितलंस तश्शीच. धक्क्यावर बसून."

"धक्क्यावर? मधल्या धारेत म्हटलं होतं ना! आणि ओहोटीला?"

"ओहोटीला वास मारतो तिथे. असलं पाणी कुणाला पाठवतात काय? भरतीला भरते, नितळ असतं."

स्मिताने डोळे मिटले. "बरं. मग आयोडिन टाकता?"

"आधी गाळते ना! माझ्या जुन्या लुगड्याच्या चौपदरी फडक्यातून, दोनदा. सुनेकडे बिनगाळलेलं पाणी धाडू? मोठे मोठे साहेब बघणार. गावाला अब्रू आहे की नाही?"

स्मिताने फोन ठेवला. खालीच ठेवला, आपटला नाही, हे तिचं मोठेपण.

आता खरं सांगतो, एकट्या कृष्णाला बोल लावण्यात अर्थ नाही. आमच्याकडे पाहुण्याच्या तांब्यात गाळल्याशिवाय पाणी पडत नाही. आणि पहिल्या बाटलीच्या वेळी 'पाणी नीट बघून पाठव, सरकारी संस्थेत जातंय' असं पत्र लिहिणारा मीच. ते मी तिथल्या तिथे कबूल केलं. स्मिताने माझ्याकडे असं पाहिलं की सातवीच्या परीक्षेत मास्तरांनीही पाहिलं नव्हतं.

घराच्या फाटकाशी आलो आणि ती एकदम म्हणाली, "चार महिने, बाबा! चार महिने मी आत्यांचं लुगडं तपासत होते!"

मला हसू आवरेना. पण तिचे डोळे भरलेले पाहिले आणि मी समजुतीचं बोलायला गेलो. "अगं, झालं ते बरंच की. खाडीत काही नाही असंच आलंय ना? खर्डा आहे तसा पाठव. तळी आपोआप अडतील. फडक्याचं कोण विचारतंय?"

तिने पर्समधून खर्डा काढला आणि माझ्यासमोर फाडून त्याचे चार तुकडे केले. पुढे जे बोलली ते शब्दाला शब्द लिहून ठेवलंय:

"बाबा, खाडी मेली असं मी लिहून दिलं की कंपनीचा वकील उठून म्हणेल, मेलेल्या खाडीवर आणखी चार तळी झाली तर बिघडतं काय? तिच्यात जीव आहे, किती उरलाय आणि कशाने जातोय, हेच तर मला दाखवायचंय! उद्या माझं आणि तुमचं तिकीट काढा, सतरा तारखेची अमावास्या गाठायचीय. बाटली मी भरणार, होडी तुम्ही धरणार, आणि आत्यांना कळवा, आम्ही येईपर्यंत घरातली जुनी लुगडी सगळी कुलपात!"