गच्चीवरून कॅमेरा तपासला तेव्हा

मुलगा दुबईला असतो. त्याने लांबचं दाखवणारा महागडा कॅमेरा मागवून पनवेलला घरी पाठवला आणि फोनवर म्हणाला, "बाबा, आजच तपासा. नाय आवडला तर कंपनीवाले उद्या परत घेऊन जातील." मी चौथी शिकलेला, पण तपासल्याशिवाय मिठाची गोणसुद्धा कधी उचलली नाय.

गच्चीवर गेलो. मिठागरात असताना बांधावरून कोण येतोय ते मी नुसत्या चालीवरून ओळखायचो. म्हटलं, बघू या यंत्राचा डोळा. पूर्ण झूम केल्यावर चित्र थरथरायला लागलं. कठड्यावर कोपर टेकलं तेव्हा कुठे थांबलं. खाडीपलीकडच्या बांधावर एक माणूस काठी टेकत चालला होता. माझा जुना जोडीदार! मिठागराच्या हद्दीवरून आमचं भांडण झालं, त्याला वीस वर्षं झाली. मी नमलो नाय, तो पण नाय. त्याला काठी लागली हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. तो थांबला, माझ्याकडे वळला. मी चटकन हात वर केला. मग कॅमेरा डोळ्यापासून काढला, तर पलीकडे नुसता ठिपका.

संध्याकाळी मुलाने विचारलं, "कसा हाय?"

"जड हाय. हात हलला की चित्र बिघडतं."

"मग परत पाठवू?"

"नको," मी म्हटलं. "रोज लागेल मला."